सामुराई सेनापतीचं खरं काम काय होतं? तोदो ताकातोराच्या आयुष्यातून

१५७६ साली जपानच्या ओमी प्रांतातला, बिवा सरोवराच्या मुलखातला विशीचा एक उंचापुरा गडी आपल्या पाचव्या धन्याच्या चाकरीत रुजू झाला. तैनात ठरली वर्षाला ३०० कोकू तांदूळ. त्याचं नाव तोदो ताकातोरा. पहिला धनी आझाई नागामासा १५७३ साली ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराशी लढताना संपला, पण ताकातोरानं त्याची चाकरी त्याआधीच सोडली होती. पुढच्या थोड्याच वर्षांत आणखी तीन धनी झाले. कुणाशी पटलं नाही, कुठे मोबदला पुरेना. हा पाचवा धनी होता हाशिबा हिदेनागा. पुढे साऱ्या जपानचा सत्ताधीश झालेल्या तोयोतोमी हिदेयोशीचा हा सावत्र भाऊ.

एकाच धन्यासाठी जगणारा आणि त्याच्या एका शब्दावर मरणारा सामुराई आपल्या मनात पक्का बसलेला आहे. ताकातोरा त्या साच्यात बसत नाही, आणि त्याच्या काळातले बहुतेक सरदारही बसत नाहीत. ती प्रतिमा मुख्यतः नंतरच्या अडीचशे वर्षांच्या शांततेत घडली, आणि ती घडवणाऱ्यांपैकी अनेकांनी रणांगण पाहिलंही नव्हतं. प्रत्यक्ष युद्धाच्या काळात सेनापतीचं आयुष्य तांदळाचा हिशेब, माणसांची जमवाजमव, दगडमाती आणि पत्रव्यवहार यांत जात असे. तलवार उपसण्याचे दिवस मोजके. हे समजून घ्यायला ताकातोरासारखा माणूस नाही, कारण शिपायापासून ३ लाख कोकूंच्या जहागिरीपर्यंतची सगळी पायरी त्यानं स्वतः चढली. नोबुनागा, हिदेयोशी, इएयासू यांची नावं मोठी आहेत, पण त्यांच्याकडे पाहून सेनापतीचा रोजचा दिवस कळत नाही.

काळ कसा होता

१४६७ ते १४७७ या दहा वर्षांत ओनिनचं युद्ध झालं आणि राजधानी क्योतोचा मोठा भाग जळून गेला. शोगुनची, म्हणजे सम्राटाच्या नावानं राज्य चालवणाऱ्या लष्करी प्रमुखाची, सत्ता नावापुरती उरली. प्रांताप्रांतात जो जमीन राखील तो धनी, अशी स्थिती झाली आणि ती कमी-अधिक प्रमाणात १६१५ पर्यंत टिकली. आज ज्याचा किल्ला भक्कम, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहील याची खात्री नसे. अशा काळात लढणाऱ्या, आणि त्याहून जास्त म्हणजे लढवून घेणाऱ्या माणसांना मागणी होती. कसबी माणूस नव्या धन्याकडे गेला तर त्याला जवळ करणारे पुष्कळ होते.

कोकू म्हणजे नेमकं काय

कोकू हे तांदळाचं माप. सुमारे १८० लीटर, वजनात साधारण १५० किलो. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ म्हणजे एक कोकू, असा ढोबळ हिशेब होता. जमीन, पगार, प्रतिष्ठा आणि सैन्य या सगळ्याचं मोजमाप याच मापात चाले. १०,००० कोकू आणि त्यावरचा मुलूख असलेल्याला पुढे दाइम्यो म्हणजे मोठा जहागीरदार मानलं जाऊ लागलं.

३०० कोकू म्हणजे ३०० माणसांचा वर्षाचा तांदूळ, मग ताकातोरा एकदम श्रीमंत झाला का? तसं नव्हतं. ३०० हा त्याला नेमून दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नाचा आकडा. त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याकडे राहायचा, उरलेल्यातून घोडा, चिलखत, नोकर आणि भालेकरी पोसायचे. त्या काळची एक साक्ष फार बोलकी आहे. ओआन नावाच्या बाईंनी म्हातारपणी आपल्या लहानपणच्या आठवणी सांगितल्या, त्या कुणीतरी लिहून ठेवल्या. त्यांचे वडील ३०० कोकूंचेच सामुराई होते. घरात सकाळ-संध्याकाळ भाताची पातळ पेज. अंगावरचा एकच किमोनो त्यांनी १३व्या वर्षापासून १७व्या वर्षापर्यंत वापरला. शेवटी शेवटी त्यातून पोटऱ्या उघड्या पडायच्या, आणि निदान पोटऱ्या झाकणारा एखादा किमोनो असावा एवढीच त्यांची इच्छा होती. ही एका सामुराईच्या लेकीची गोष्ट आहे. त्याखालच्या माणसांचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

तांदूळ मिळाला म्हणजे त्याबदल्यात माणसं हजर करायची. जहागिरीच्या प्रमाणात किती शिपाई, किती भाले, किती निशाणं, किती बंदुका आणायच्या हे ठरवून दिलेलं असे. १५९२ साली हिदेयोशीनं कोरियावर स्वारी काढली तेव्हा क्यूशू बेटावरच्या सरदारांना दर १०० कोकूंमागे ५ माणसं असा दर लावला होता. १६०० साली ताकातोराची जहागीर ८०,००० कोकूंची होती आणि सेकिगाहाराच्या मैदानात त्याच्याबरोबर सुमारे २,५०० माणसं होती, म्हणजे शेकडा तीन.

ही २,५०० माणसं सगळी चिलखतधारी सामुराई नव्हती. एचिगो प्रांतातल्या उएसुगी घराण्याची १५७५ सालची हजेरीची वही उपलब्ध आहे. तीत नोंदलेल्या साडेपाच हजार माणसांपैकी साडेतीन हजारांहून जास्त नुसते भालेकरी आहेत. घोडेस्वार सहाशेच्या आत आणि बंदुका तीनशेच्या थोड्या वर. चित्रांत सामुराई घोड्यावर दिसतो, पण सैन्याचा कणा होता आशिगारू, म्हणजे पायदळाचा साधा शिपाई. तो बहुधा शेतकऱ्याच्या घरातला असे, आणि पुष्कळदा त्याचं चिलखतही धन्यानं दिलेलं असे. याशिवाय ओझेवाले, घोडे हाकणारे, स्वयंपाकी. सेनापतीला या सगळ्यांना चालतं आणि पोट भरलेलं ठेवायचं होतं.

रोजचे पंधरा कोकू

मोहिमेवर एका माणसाला दिवसाला ६ गो तांदूळ धरत. एक गो म्हणजे कोकूचा हजारावा भाग, त्यामुळे ६ गो म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. ताकातोराच्या २,५०० माणसांना रोज १५ कोकू, म्हणजे सव्वादोन टन तांदूळ लागणार. दहा दिवसांची चाल म्हटली तर साडेबावीस टन. त्यावर मीठ, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, घोड्यांचा दाणा आणि सरपण. जुन्या शिपायांच्या अनुभवातून आलेली एक सूचना अशी आहे की शिपायाच्या हातात तीन-चार दिवसांहून जास्त तांदूळ एका वेळी देऊ नये, तो त्याची दारू गाळून पितो आणि मग उपाशी राहतो. माणूस ओळखून दिलेल्या अशा बारीक सूचनांतून त्या काळचं सैन्य जितकं कळतं तितकं चिलखतांच्या संग्रहातून कळत नाही.

तांदूळ हे हत्यारही होतं. हिदेयोशीनं १५८१ साली तोत्तोरीच्या किल्ल्याला वेढा घातला. वेढ्याआधीच त्यानं आसपासचा तांदूळ चढ्या भावानं विकत घेववला, असं सांगतात. भावाच्या लोभानं किल्ल्यातलाही साठा बाहेर आला. मग नाकाबंदी. आत गावकरीही अडकले होते. काही महिन्यांत माणसं गवत, झाडांची साल आणि घोडे खाऊ लागली, शेवटी मेलेल्यांचं मांसही. किल्लेदार किक्कावा त्सुनेइए यानं उरलेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून सेप्पुकू केलं, म्हणजे रीतीप्रमाणे पोट चिरून जीव दिला. त्याआधी मिकीच्या किल्ल्याचीही हीच गत झाली होती, आणि मिकीच्या वेढ्यात ताकातोरा हिदेनागाच्या हाताखाली लढत होता. किल्ला कशानं पडतो हे त्यानं तरुणपणीच जवळून पाहिलं. पुढे त्यानं बांधलेले किल्ले पाहताना हे लक्षात ठेवावं.

लढाईचा दिवस

बंदूक जपानात १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर आली आणि काही दशकांत जपानी लोहार ती हजारोंनी घडवू लागले. या पोर्तुगीजांचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं आपलं गोवं. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहूनच निघून कागोशिमाला पोचले. नोबुनागाला समक्ष भेटून त्याच्याविषयी विस्तारानं लिहिणारे पोर्तुगीज पाद्री लुइस फ्रॉइस हेही आधी गोव्यात राहिलेले. त्या काळच्या जपानविषयी बाहेरच्या माणसानं लिहिलेलं बरंच काही अशा रीतीनं गोव्याच्या वाटेवरून जगापुढे आलं.

लढाईत तुकडीची रचना ठरलेली असे. पुढे बंदूकवाले, त्यांच्याबरोबर धनुर्धारी, कारण बंदूक पुन्हा ठासून होईपर्यंतची वेळ बाणांनी भरून काढावी लागे. त्यांच्यामागे लांब भाल्यांची रांग. हे भाले पाच-सहा मीटर लांब असत. ते भोसकण्यापेक्षा वर उचलून समोरच्याच्या डोक्यावर आपटायलाच जास्त वापरत. रांग एकदम उठली आणि एकदम पडली तरच त्याचा उपयोग, म्हणून सराव लागे. मग घोडेस्वार आणि निवडक सामुराई, मध्ये सेनापती, मागे सामानसुमान. पाऊस आला की बंदुकीची वात विझायची आणि सगळी मांडणी ऐन वेळी बदलावी लागे.

सेनापती कापडी कनातीच्या आडोशाला घडीच्या तिवईवर बसलेला असे. तिथून त्याला फारसं दिसायचं नाही. धूर, धुकं, टेकड्या. त्याचे कान-डोळे म्हणजे निरोपे. पाठीवर ठळक निशाण बांधलेले हे स्वार तुकड्यांमध्ये धावत असत, आणि निरोपाचं काम पोराटोरांचं नव्हतं. अनुभवी, नजर तयार असलेले लोकच निवडत, कारण पुढे काय चाललं आहे याचा अर्थ लावून तो थोडक्यात सांगणं हे अवघड काम आहे. हुकूम शंख, ढोल आणि निशाणांनी जायचे. एकदा तुकडी भिडली की तिला मागे घेणं जवळजवळ अशक्य. सेनापतीचं कौशल्य म्हणूनच भिडण्याआधीच्या निर्णयांत दिसे: कुठे थांबायचं, कुणाला पुढे ठेवायचं, कुणाला राखून ठेवायचं.

लढाई संपली की हिशेब सुरू. इथे एक अंगावर येणारी पद्धत समजून घ्यावी लागते. शत्रूचं कापलेलं मुंडकं हा पराक्रमाचा पुरावा होता. पहिला भाला कुणी मारला, पहिलं मुंडकं कुणी आणलं, साक्षीला कोण होतं, हे लिहून घेतलं जाई. मुंडकी धुऊन, केस विंचरून, नावाची चिठ्ठी बांधून सेनापतीपुढे मांडत आणि तो एकेक पाहून शहानिशा करी. धुण्याचं काम अनेकदा बायकांकडे असे. ओआनबाई १६०० साली ओगाकीच्या किल्ल्यात होत्या. त्या सांगतात की आणलेल्या मुंडक्यांचे दात काळे करून द्या म्हणून शिपाई त्यांच्याकडे येत, कारण काळे दात ही वरच्या दर्जाच्या माणसाची खूण होती आणि अशा मुंडक्याला भाव जास्त. तरुण मुली त्या मुंडक्यांच्या मधेच झोपायच्या. पुढे त्याची भीतीही वाटेनाशी झाली, असं त्यांनी म्हटलं आहे.

पराक्रमाची खात्री पटली की सेनापती प्रशस्तिपत्र देई: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, तू हे केलंस. हा कागद घराणी जिवापाड जपत. नव्या धन्याकडे जाताना तोच दाखवायचा. माणूस धनी बदलू शकत होता तो या कागदाच्या जोरावर, आणि चांगला सेनापती बक्षीस देण्यात उशीर करत नसे, कारण पुढच्या लढाईला ही माणसं टिकतील की नाही ते त्यावर ठरे.

हीच पद्धत कोरियात किती भीषण झाली ते पाहा. १५९७ च्या दुसऱ्या स्वारीत मुंडकी समुद्रापार पाठवणं जड जाई म्हणून नाकं कापून, मिठात घालून पाठवली गेली. सरदारांना मोजून रीतसर पावत्या मिळाल्या. लढणाऱ्यांचीच नाही, गावकऱ्यांचीही नाकं होती. क्योतोतल्या मिमिझुका नावाच्या टेकाडाखाली किमान ३८,००० माणसांची नाकं पुरलेली आहेत. ताकातोरा त्या स्वारीत आरमाराचा एक सेनापती होता. चिलचोल्यांगच्या लढाईत तो जिंकणाऱ्या बाजूला होता. दोन-तीन महिन्यांनी म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत कोरियाचा सेनानी यी सुन-सिन यानं अवघ्या १३ जहाजांनिशी जपानी आरमाराला माघार घ्यायला लावली, तेव्हा ताकातोराच्या हाताला जखम झाली. त्याच्या लोकांनी समुद्रावर पकडलेल्यांत कांग हांग नावाचा विद्वान होता. पकडले जाताना त्याची लहान मुलं किनाऱ्यावर मागे राहिली आणि भरतीत वाहून गेली. कांग हांगला जपानात आणलं, आणि तिथे फुजिवारा सेइका या विचारवंतानं त्याच्याकडून कन्फ्यूशियसच्या परंपरेचे धडे घेतले. पुढे सुटून मायदेशी गेल्यावर त्यानं जपानविषयी जे लिहिलं ते आजही वाचलं जातं. ताकातोराच्या कर्तबगारीचं कौतुक करताना या मुलांना वगळून पुढे जाणं मला जमत नाही.

दगडाचा जाणकार

ताकातोराचं खरं नाव झालं ते किल्ल्यांमुळे. हिदेनागाच्या चाकरीत त्यानं बांधकामाची देखरेख केली. वाकायामाचा किल्ला त्यातलाच. त्याच्या ओमी प्रांतात आनो नावाच्या गावचे दगडी भिंती रचणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध होते. चुन्याशिवाय दगडात दगड बसवून उभारलेल्या त्यांच्या भिंती भूकंपातही तग धरत.

त्याच्या रचनांमध्ये नक्षी कमी आणि विचार जास्त. रुंद खंदक, उंच आणि सरळ भिंती, फाटकापाशी चौकोनी अंगण, जेणेकरून आत घुसलेला शत्रू तिन्ही बाजूंनी माऱ्यात सापडावा. उवाजिमाचा किल्ला बाहेरून चौकोनी वाटतो पण आहे पंचकोनी. वेढा घालणारा चार बाजू धरून बसला तर पाचवी मोकळी राहते, असं त्याचं कारण सांगितलं जातं. उपासमारीनं पडलेले किल्ले ज्यानं पाहिले होते, त्याला ही पाचवी बाजू सुचणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. इमाबारीच्या किल्ल्याच्या खंदकात त्यानं समुद्राचं पाणी खेळवलं. इगा उएनोच्या भिंती जवळजवळ ३० मीटर उंच आहेत, देशातल्या सर्वांत उंच भिंतींत त्यांची गणना होते. तिथला मुख्य बुरूजवाडा मात्र १६१२ साली बांधकाम चालू असतानाच वादळात कोसळला.

उंच बुरूजवाडा बांधण्याची त्याची पद्धतही वेगळी होती. प्रत्येक मजला खालच्याहून ठरावीक प्रमाणात लहान करत न्यायचा. लाकडाची मापं आधीच ठरतात, काम लवकर उरकतं, आणि उतरवून दुसरीकडे उभारणंही सोपं होतं. पुढे तोकुगावा इएयासू शोगुन झाला तेव्हा एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्याच्या आखणीत ताकातोराचा हात होता. जुन्या घराण्यातल्या कित्येकांच्या निष्ठेपेक्षा इएयासूला याचं हे कसब जास्त मोलाचं वाटलं असावं.

पत्रं, ओलीस आणि सेकिगाहारा

हिदेनागा १५९१ साली वारला. त्याचा वारस हिदेयासू १५९५ साली कोवळ्या वयात गेला. हिदेनागाकडे ताकातोरा पंधरा वर्षं टिकला होता आणि हिदेयासूच्या मृत्यूनंतर तो सरळ कोया पर्वतावरच्या मठात निघून गेला. धनी बदलणारा म्हणून ज्याची ओळख, त्याच्या आयुष्यातली ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. जिथे मान आणि मोबदला मिळाला तिथे त्याची निष्ठा पक्की होती. हिदेयोशीनं त्याला बोलावून परत आणलं आणि इयो प्रांतात ७०,००० कोकू दिले.

१५९८ साली हिदेयोशी वारला, मागे पाच वर्षांचा मुलगा. सत्ता कुणाकडे जाणार हे ताकातोरानं लवकर ओळखलं आणि आपल्या धाकट्या भावाला इएयासूकडे ओलीस म्हणून पाठवलं. जवळचं माणूस समोरच्याच्या ताब्यात देणं ही त्या काळात विश्वासाची हमी होती. करार मोडला तर त्या माणसाचा जीव जायचा.

इएयासूची पूर्वेची बाजू आणि त्याच्या विरोधकांची पश्चिमेची बाजू यांच्यातली सेकिगाहाराची लढाई २१ ऑक्टोबर १६०० ची. एका दिवसात निकाल लागला, पण तयारी पत्रांनी केली होती. कोबायाकावा हिदेआकी सुमारे १५,००० माणसं घेऊन डोंगरावर बसला होता आणि ऐन लढाईत पश्चिमेच्या बाजूवर उलटला, हे प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळच उभ्या असलेल्या वाकिझाका, ओगावा, कुत्सुकी आणि आकाझा या चार लहान सरदारांना फोडण्याचं काम ताकातोराकडे होतं, आणि तेही फिरले. लढाईनंतरचा निवाडा पाहण्यासारखा आहे. वाकिझाकानं आधीच आपला इरादा कळवला होता, त्याची जमीन राहिली. कुत्सुकीची कमी झाली. ओगावा आणि आकाझा यांनी आगाऊ काही कळवलं नव्हतं, त्यांची जप्त झाली. मैदानात चौघांनी सारखंच काम केलं होतं, फरक पडला तो आधी पोचलेल्या शब्दाचा.

चारही जण तुटून पडले ते ओतानी योशित्सुगु याच्यावर. ओतानीचा चेहरा रोगानं विद्रूप झालेला. आपलं मुंडकं शत्रूच्या हाती लागू नये, असं त्यानं सेवकाला बजावून जीव दिला. सेवक युआसा गोसुके ते पुरत असताना ताकातोराचा पुतण्या ताकानोरी तिथे पोचला. गोसुके म्हणाला, माझं मुंडकं घे, पण ही जागा कुणाला सांगू नको. ताकानोरीनं गोसुकेचं मुंडकं नेलं. इएयासूनं खोदून विचारलं तरी जागा सांगितली नाही. मी वचन दिलं आहे, हवी तर शिक्षा करा, एवढंच म्हणाला. इएयासूनं त्याला सोडून दिलं. हिशेबी जगातसुद्धा शब्दाला किंमत होती ती अशी.

या लढाईनंतर ताकातोराकडे इयो प्रांतातले २ लाख कोकू आले, आणि १६०८ साली त्याची बदली त्सू इथे झाली. होय, बदली. मोठे सरदारसुद्धा शोगुनच्या हुकमानं किल्ला, प्रजा, सगळं सोडून दुसऱ्या प्रांतात जात.

याओची सकाळ

घराचा हिशेबही राजकारणाचा भाग होता. ताकातोराला बरीच वर्षं मूल नव्हतं. निवा नागाहिदे या बड्या सरदाराचा एक मुलगा हिदेनागानं वारस म्हणून दत्तक घेतला होता. नंतर हिदेयोशीला ते नको झालं, तेव्हा ताकातोरानं तो मुलगा मागून घेतला. त्याचं नाव ताकायोशी. तो बापाबरोबर लढाया लढला. पण १६०१ साली ताकातोराला स्वतःचा मुलगा झाला आणि वारसा त्याच्याकडे गेला. दोन घराण्यांचा वारस ठरून दोन्हीकडून वगळलेला ताकायोशी पुढे नाबारी या लहान गावी स्थिरावला.

१६१५ च्या उन्हाळ्यात हिदेयोशीच्या मुलाच्या ओसाका किल्ल्यावर इएयासूची शेवटची स्वारी झाली. याओ गावाजवळ, दाट धुक्यात, ताकातोराची आघाडी ओसाकाच्या बाजूच्या चोसोकाबे मोरिचिकाच्या सैन्यावर चालून गेली. मोरिचिकानं माणसं नागासे नदीच्या बांधाआड भाले जमिनीलगत धरून बसवली होती. ती अगदी जवळ आल्यावर एकदम उठली. सकाळच्या काही तासांत ताकातोराचे सहा प्रमुख सरदार आणि सुमारे ३०० माणसं पडली. वचन पाळणारा ताकानोरी त्यात होता. चाळीस वर्षांचा अनुभव असलेला, ६० वर्षांचा सेनापती समोर असूनही हे घडलं. नुकसान इतकं होतं की दुसऱ्या दिवशी त्यानं आघाडीवर राहण्यास नकार दिला.

त्या दिवशी याओच्या जोकोजी मंदिराच्या ओसरीवर त्यानं शत्रूची मुंडकी पाहिली. रक्तानं भिजलेल्या त्या फळ्या पायाखाली येऊ नयेत म्हणून पुढे छताला लावल्या, आणि त्या आजही तिथे आहेत. त्याच्या ७१ सामुराईंच्या कबरीही तिथेच. १६२८ साली त्यानं क्योतोच्या नानझेनजी मंदिराला भव्य महाद्वार बांधून दिलं ते ओसाकाच्या युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ. याओत पडलेल्यांत तोदो योशिकात्सू होता. इगा उएनोत त्याच्या घराण्यात पुढे एक तरुण चाकरीला लागला आणि मालकाच्या मुलाबरोबर कविता करू लागला. तो बाशो. शिरीष पैंमुळे मराठीत रुजलेल्या हायकूच्या वाचकांना हे नाव ओळखीचं असेल.

दार बंद झालं

ओसाका पडल्यावर त्याच वर्षी शोगुननं फर्मानं काढली: जहागिरीत एकच किल्ला ठेवा, बाकीचे पाडा; परवानगीशिवाय किल्ल्याची डागडुजीही नको. ताकातोराची जहागीर ३,२३,००० कोकूंवर पोचली, पण ज्या जगात शिपाई तिथवर पोचू शकत होता ते जग संपत आलं होतं.

त्याच्या घरीच त्याचा प्रत्यय आला. नोकरी सोडून जाणाऱ्याला ताकातोरा सकाळी चहाला बोलवी, वाटखर्च देई आणि जमलं नाही तर परत ये म्हणे, अशी त्याची ख्याती. वातानाबे कानबेई या नामांकित लढवय्याला त्यानं २०,००० कोकू देऊन आणलं होतं. याओच्या लढाईत कानबेईनं माघारीचा हुकूम न मानता शत्रूचा पाठलाग केला. पाठलाग यशस्वी झाला, पण दोघांचं बिनसलं आणि कानबेईनं चाकरी सोडली. या वेळी चहा झाला नाही. ताकातोरानं सगळ्या सरदारांना कळवलं की या माणसाला कुणी ठेवून घेऊ नये. अशी बंदी घालण्याचा हक्क धन्याला होता आणि शांततेच्या राज्यात ती मोडण्याची कुणाला गरज उरली नव्हती. त्याला घ्यायला तयार असलेले सरदार होते, मध्यस्थीही झाली. उपयोग झाला नाही.

ताकातोरा १६३० साली वारला. शेवटी दृष्टी गेली होती. अंत्यविधीसाठी अंग पुसताना सगळीकडे जखमांचे वण दिसले आणि हाताची काही बोटं तुटलेली होती, अशी हकीगत सांगितली जाते. कानबेई त्यानंतर दहा वर्षं जगला. १६४० साली क्योतोत तो मेला तेव्हाही त्याला कुणी धनी नव्हता.